विजयेचा वाफा

एका वृद्ध वैद्यांकडे एकदा नरहरी नावाचा एक शिष्य विद्या शिकण्यासाठी आला. नदीच्या वळणावर वैद्यांची पर्णशाळा होती, तिच्या मागे औषधी वनस्पतींची बाग होती, आणि पुढच्या ओसरीवर सकाळपासून रोग्यांची ये-जा असे. पंचक्रोशीतले लोक त्यांना नुसते आचार्य म्हणत. नरहरी त्यांच्या सर्व शिष्यांत अधिक मेहनती होता. त्याला स्वस्थ बसलेले कुणी पाहिले नव्हते. सांगितलेले काम तो करीच, आणि न सांगितलेलीही दोन कामे करून टाकी. आचार्यांना त्याचे कौतुक होते आणि थोडी काळजीही होती. पण ती त्यांनी बोलून दाखवली नव्हती.

बागेच्या एका कोपऱ्यात, काटेरी कुंपणाच्या आत, विजयेचा वाफा असे. लोक जिला भांग म्हणतात तीच ही वनस्पती. त्या राज्यात ती कुणालाही लावता येत नसे. औषधापुरती, कुंपणाच्या आत, एकाच वाफ्यात लावण्याची परवानगी आचार्यांना होती, आणि ती मर्यादा ते कसोशीने पाळत. तिच्या पानांपासून ते एक तेल सिद्ध करीत. ज्यांच्या वेदनेवर दुसरे काही चालत नसे, अशा मोजक्या रोग्यांना ते तेल दिले जाई. धाकोजी तांबट हा त्यांपैकी एक. सारे आयुष्य त्याने तांब्याची भांडी ठोकली होती, आणि आता त्याच्या खांद्यातली कळ मानेपर्यंत चढत असे. त्याची पत्नी सगुणाबाई दर काही दिवसांनी लहानशी कुपी घेऊन येई आणि तेल भरून नेई.

त्या वर्षी एक अडचण उभी राहिली. घरात राखून ठेवलेल्या बियांना पावसाळी ओल लागून बुरशी धरली. उत्तरेच्या डोंगराळ प्रदेशातून जडीबुटी आणणारा एक व्यापारी वर्षातून एकदा त्या वाटेने जात असे. त्याच्याकडे थोडे बी मिळाले. एवढ्याच बियांवर पुढच्या सबंध वर्षाचे तेल अवलंबून होते. ते बी वाया गेले, तर व्यापारी पुन्हा येईपर्यंत कुपी रिकामीच राहणार होती.

नरहरीने ते काम मागून घेतले. आचार्यांनी होकार दिला. वाफा तयार करण्याचे काम त्याने स्वतःच्या हाताने केले. नदीकाठचा मऊ गाळ त्याने पाट्या भरभरून आणला, चाळून घेतला, वाफ्यात पसरला आणि पाण्याचा हबका मारून हाताने थापून असा गुळगुळीत केला की सणासाठी सारवलेले अंगणच वाटावे. त्यात बी पेरले. थोड्याच दिवसांत माती फोडून कोंब वर आले, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दोन चिमुकली गोल पाने उघडली. नरहरीला झालेला आनंद त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होता.

नेमके त्याच सुमारास शेजारच्या तालुक्यात तापाची साथ पसरल्याचा निरोप आला. आचार्य औषधांची पेटी घेऊन निघाले. जाण्यापूर्वी ते वाफ्यापाशी थांबले, रोपांकडे पाहिले, वाफ्याच्या कडेची माती बोटाने दाबून पाहिली, आणि नरहरीला एवढेच म्हणाले, "जे दिसेल ते नीट पाहून ठेव. मी आल्यावर विचारीन."

नरहरीने मान डोलावली. नीट पाहणे म्हणजे नीट सांभाळणे असाच अर्थ त्याने घेतला, आणि सांभाळणे म्हणजे काहीतरी करणे, याविषयी तर त्याच्या मनात शंकाच नव्हती.

ऊन वाढू लागले होते. कोवळी रोपे करपतील म्हणून त्याने वाफ्यावर जाड कापडाचा मांडव घातला. त्या सावलीत रोपे झपाट्याने उंच झाली. त्यांचे देठ बारीक आणि फिकट आहेत, प्रकाशाच्या शोधात ती नुसतीच ताणली जात आहेत, हे त्याच्या ध्यानात आले नाही. त्याला उंची दिसली आणि त्याला ती प्रगती वाटली. सकाळ-संध्याकाळ तो झारीने पाणी घाली. एके दिवशी रोपांची पाने खाली झुकलेली दिसली. तहानेली असतील, असे म्हणून त्याने दुपारीही पाणी घालायला सुरुवात केली. पाने आणखी झुकली.

मग पिवळेपणा आला. एका रोपाचे एक पान, दुसऱ्या रोपाची दोन, असे करत तो वाफाभर पसरला. सकाळी वाफ्यापाशी येताच ते पिवळे डाग त्याच्या डोळ्यांना खुपत. त्याने ती पाने एकेक करून नखाने खुडली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. खुडल्यावर वाफा पुन्हा हिरवागार दिसे आणि त्याच्या मनाला तेवढ्यापुरते बरे वाटे. दुसऱ्या दिवशी आणखी पाने पिवळी पडत, तो तीही खुडी. रोपांना पोषण कमी पडत असावे असे समजून त्याने बुडाशी शेणखत घातले. ते पुरते कुजलेले आहे की नाही, हे त्याने पाहिले नाही.

परतीच्या वाटेवरचा तो व्यापारी एक दिवस पर्णशाळेत उतरला. माणूस मनाने वाईट नव्हता. त्याने बी दिले होते आणि त्या रोपांचे वाईट व्हावे असे त्याला वाटत नव्हते. त्याने वाफा पाहिला, डोके हलवले, आणि आपल्या पिशवीतून सोऱ्याची, म्हणजे खत म्हणून वापरायच्या एका तीव्र क्षाराची, पुडी काढून दिली. अमुक ठिकाणच्या मोठ्या बागेत हेच घालतात, पाण्यात कालवून ओता, रोपे तरारून उठतील, असे त्याने सांगितले. त्या बागेची माती कशी होती, रोपे किती मोठी होती, हे त्याने सांगितले नाही आणि नरहरीने विचारले नाही. व्यापारी निघून गेला. नरहरीने सोरा पाण्यात कालवला आणि ओतला. चार-पाच दिवसांत उरलेल्या पानांची टोके तपकिरी होऊन आत वळली, जणू कुणी निखारा लावून गेले.

यानंतर जे झाले ते पाहून नरहरीचे धैर्य खचले. जे रोप संध्याकाळी उभे असे ते सकाळी आडवे पडलेले असे. पाने अजून हिरवी, पण जमिनीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि काळपट झालेला, आणि रोप तेथूनच मोडून पडलेले. तो राख घाली, हळदीचे पाणी शिंपडी, माती उकरी, पुन्हा थापी. सगळा दिवस तो वाफ्यापाशीच असे. ओसरीवर रोगी खोळंबून राहत. सगुणाबाई कुपी घेऊन आली तेव्हा त्याने हातातली झारी खाली न ठेवताच काय हवे ते विचारले. कळ वाढली आहे, पूर्वीपेक्षा जास्त तेल लागते, असे ती म्हणाली. त्याने आत जाऊन मोठी कुपी भरून दिली आणि परत वाफ्याकडे वळला. तिला आणखी काही बोलायचे होते की काय, हे पाहायलाही तो थांबला नाही.

साथ ओसरली आणि आचार्य परतले. हातपाय धुऊन ते थेट बागेत गेले. नरहरी मागोमाग गेला. वाफ्यात आता निम्म्याहून कमी रोपे उरली होती. पण जी होती ती स्वच्छ होती. एकही पिवळे पान नव्हते, एकही पडलेला देठ नव्हता. पडलेली रोपे नरहरीने उचलून टाकली होती आणि जागा सारखी करून ठेवली होती. नुकसान लपवावे असा त्याचा हेतू नव्हता. त्याने सारे खरे सांगितले. किती रोपे गेली, काय काय उपाय केले, किती कष्ट घेतले, हे एकेक करून सांगितले.

आचार्यांनी ऐकून घेतले आणि मग विचारायला सुरुवात केली. आधी पिवळी पडली ती खालची जुनी पाने की शेंड्याची कोवळी? सबंध पान पिवळे होई, की शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी होई? पाने झुकत ती पाणी घालण्यापूर्वी की घातल्यावर? टोके करपली ती खत घातल्यानंतर, की सोरा घातल्यानंतर? कापडाच्या कडेला, जिथे थोडे ऊन लागत होते, तिथली रोपे कशी होती?

नरहरीला एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर देता येईना. पाने पिवळी होती, एवढेच त्याला आठवत होते. ती पाने कुठे आहेत, असे आचार्यांनी विचारले. उकिरड्यावर, असे तो म्हणाला. आणि उकिरड्यावर तर आता त्यांची माती झाली होती.

 वाफ्याच्या मध्यभागी एक रोप इतरांपेक्षा उजवे होते. त्याचा देठ जाड होता, पाने गर्द हिरवी आणि तळहातासारखी पसरलेली होती. त्याच्यावर कसलाही डाग नव्हता. नरहरी मनातल्या मनात त्या एका रोपाच्या आधारावरच तग धरून होता. आचार्य वाकले, त्या रोपाच्या बुडाशी दोन बोटे घातली आणि त्यांनी ते मुळासकट उपटले.

नरहरीचा विश्वास बसेना. आजारी रोपे शेजारी होती. मरायला टेकलेली दोन तर हाताशी होती. त्यांना हातही न लावता यांनी जे एक धडधाकट होते तेच उपटावे? प्रवासाच्या शिणाने आचार्यांची दृष्टी चुकली की काय, असे क्षणभर त्याला वाटले. मग राग आला, आणि रागामागून आपल्या चुकीची ही शिक्षा असावी असा विचार आला. तो हळू आवाजात म्हणाला, "आचार्य, तेवढं एकच निरोगी होतं."

"पाण्याचं घंगाळ आण," आचार्य म्हणाले.

त्याने आणले. आचार्यांनी रोपाची मुळे हलक्या हाताने पाण्यात हलवली. माती सुटली. नरहरीने वाकून पाहिले. मुळे पांढरी असायला हवी होती. ती वरच्या बाजूला पांढरट होती, आणि खाली टोकांकडे चहाच्या पाण्यासारखी तपकिरी झाली होती. आचार्यांनी एक मूळ चिमटीत धरून ओढले, तेव्हा त्याची साल मोज्यासारखी निसटून आली आणि आत केवळ एक दोरा उरला. पाण्याला आंबूस, कुजका वास येऊ लागला. मग त्यांनी नरहरीला खुरपे घेऊन त्या जागी खणायला सांगितले. वरची माती बरी होती. वीतभर खाली खुरपे गेले तेव्हा करड्या रंगाचा चिखल लागला, आणि तोच वास आला. मऊ, बारीक, थापून बसवलेला तो गाळ खालच्या चिकणमातीवर एखाद्या बंद झाकणासारखा बसला होता. वरून घातलेले पाणी खाली जात नव्हते. ते तिथेच साचून राहिले होते, आणि रोपे त्यात पाय बुडवून उभी होती.

नरहरी खड्ड्याकडे पाहत राहिला. त्याने खुरपे खाली ठेवले.

आचार्य वाफ्याच्या कडेला बसले आणि त्यालाही त्यांनी बसायला सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "नरहरी, रोपाला वाचा नसते. त्याला जे सांगायचं असतं ते पानातून सांगतं. खालचं पान पिवळं झालं तर एक सांगतं, शेंड्याचं झालं तर दुसरं, टोक करपलं तर तिसरं. तू ती पानं खुडलीस. त्यानं रोग गेला नाही, रोगाची खबर तेवढी गेली. मी आलो तेव्हा इथं सांगणारं कुणी शिल्लकच नव्हतं. म्हणून मला मुळाला विचारावं लागलं."

"पण मग आजारी रोप का उपटलं नाहीत?" नरहरीने विचारले.

"पडायला आलेल्या रोपाचं मूळ कुजलेलं निघणारच. त्यावर तुझं पाणी, तुझं खत, तुझा सोरा, सगळ्यांचे वार आहेत. पहिला कुणाचा, ते कळत नाही. मला जाणून घ्यायचं होतं की दोष रोपात आहे की वाफ्यात. जे रोप वरून अजून धडधाकट दिसतं त्याचंही मूळ कुजायला लागलं असेल, तर वाफाच वाईट आहे, आणि मग उरलेल्या प्रत्येकाला इथून हलवायलाच हवं, कितीही हिरवं दिसलं तरी. ते मूळ पांढरं निघालं असतं, तर एक रोप गमावून मी बाकीच्यांना आहेत तिथेच ठेवलं असतं. या वयात रोप उपटून दुसरीकडे लावणं ही साधी गोष्ट नाही. ती करायची तर कारण ठाऊक हवं."

नरहरीने मान खाली घातली. मग त्याने विचारले, की खत आणि सोरा यांतला कुठला उपाय चुकला. आचार्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आले. ते म्हणाले, "पाणी, सावली, खत, सोरा, चारही एकदम केलेस. त्यामुळं एखादं रोप बरं झालं असतं, तरी कशानं झालं ते तुला कळलं नसतं. आणि पुढच्या वर्षी तू पुन्हा चारही केले असतेस."

त्या दिवशी उन्हे उतरल्यावर दोघांनी मिळून काम केले. कुंपणाच्या आतच, वरच्या अंगाला जमीन थोडी उताराची होती. तिथे त्यांनी माती खोल भुसभुशीत केली, तिच्यात नदीची भरड वाळू आणि जुना, पूर्ण कुजलेला पाचोळा मिसळला, आणि वाफा हातभर उंच केला. रोपे लावण्याआधी आचार्यांनी त्यात घडाभर पाणी ओतायला लावले. पाणी पृष्ठभागावर क्षणभर थांबले आणि मग खाली जिरले. तेव्हाच त्यांनी रोपे हलवू दिली. प्रत्येक रोप मातीच्या गड्ड्यासह उचलले, कुजलेले मूळ कात्रीने कापले, आणि नव्या जागी बसवले. पण माती थापली नाही. मांडव नव्या वाफ्यावर आणला, परंतु जाड कापडाच्या जागी विरळ कापड घातले, आणि तेही फक्त दुपारपुरते. सकाळचे ऊन रोपांना लागू दिले. खत घातले नाही. पाण्यासाठी नियम एकच होता. बोट मातीत घालून पाहावे. बोटाच्या पेराइतकी माती कोरडी लागली तरच पाणी घालावे, एरवी झारीला हात लावू नये.

यानंतरचे दिवस नरहरीला फार कठीण गेले. हलवल्याच्या धक्क्याने आणखी काही रोपे मेली. उरलेली मान टाकून होती. रोज सकाळी तो जाऊन बोट मातीत घाली, ती ओलसर लागे, आणि त्याला मागे फिरावे लागे. हात शिवशिवत. एकदा तर तो झारी भरून वाफ्यापर्यंत आला आणि तिथूनच परत जाऊन त्याने ते पाणी तुळशीला घातले. आचार्यांनी त्याला वाफ्याचे दुसरे काहीही काम सांगितले नव्हते. रोज सकाळी त्याने यायचे आणि काय पाहिले ते तोंडी सांगायचे, एवढेच.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, की रोपे सुकली आहेत. आचार्यांनी त्याला परत पाठवले. पाने मऊ पडून लोंबत आहेत की कडक होऊन वाळली आहेत, ते बघून ये, असे म्हणाले. त्याने पाहिले. पुढच्या दिवशी त्याने न विचारता सांगितले, की खालची पाने जास्त झुकली आहेत आणि शेंडा सरळ आहे. हळूहळू त्याचे सांगणे लांबू लागले. कुठल्या रोपाचा देठ सकाळी कुठल्या अंगाला वळतो, कुठल्या पानाच्या खालच्या बाजूला बारीक पांढरे ठिपके दिसतात, मातीवर उडणारी इवलीशी चिलटे ओल असेल तेव्हाच कशी येतात आणि माती कोरडी झाली की कशी नाहीशी होतात, हे तो सांगू लागला. ठिपक्यांच्या पानाचे काय करायचे, असे त्याने विचारले तेव्हा आचार्यांनी पान ओल्या फडक्याने पुसायला सांगितले आणि एवढ्यावर काय होते ते बघ, दुसरे काही करू नकोस, असे बजावले. एवढ्यावर भागले.

त्याला एक गोष्ट मात्र छळत होती. करपलेली टोके पुन्हा हिरवी होत नव्हती. इतके दिवस झाले, उपाय योग्य आहे, तरी पाने तशीच. एके सकाळी त्याने हे निराशेने सांगितले. आचार्य त्याच्याबरोबर वाफ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "जळलेलं पान पुन्हा बरं होत नसतं. ते झालेलं दाखवतं. आता काय होतंय ते पाहायचं असेल, तर नवं पान बघ."

नरहरीने शेंड्याकडे पाहिले. दोन करपलेल्या पानांच्या मधून नखाएवढे एक कोवळे पान बाहेर आले होते. त्याच्या कडांना करवतीसारखे दात होते, टोक अणकुचीदार होते, आणि रंग स्वच्छ हिरवा होता.

रोपे जगली, पण थोडीच. हंगाम संपल्यावर पाने खुडून, वाळवून तेल सिद्ध केले तेव्हा ते नेहमीच्या मानाने फार कमी भरले. सर्वांना पूर्वीइतके पुरणार नव्हते. आचार्यांनी नरहरीला धाकोजीच्या घरी पाठवले. यंदा तेल थोडेच मिळेल, हे त्याने स्वतः जाऊन सांगावे, असे त्यांनी ठरवले होते.

तांबटआळीत ठोकण्याचा आवाज दुरूनच ऐकू येत होता. धाकोजी ऐरणीपाशी बसून एका हंड्याचा काठ ठोकत होता, आणि प्रत्येक घावानंतर त्याचा चेहरा आक्रसत होता. नरहरीने खरे कारण सांगितले. रोपे आपल्या हातून गेली, त्यामुळे तेल कमी आहे, आणि मोठी कुपी आता देता येणार नाही. धाकोजीने हातोडा खाली ठेवला.  त्याने फक्त उजवा खांदा डाव्या हाताने धरला आणि भिंतीकडे पाहत राहिला.

पूर्वीचा नरहरी असता तर दुसरे एखादे तेल, एखादा लेप, एखादा काढा, असे तीन उपाय तिथल्या तिथे सांगून मोकळा झाला असता. आता त्याने तसे केले नाही. तो धाकोजीच्या समोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "तुम्ही काम चालू ठेवा, बाबा. मी बघतो."

धाकोजीला ते विचित्र वाटले, पण त्याने हातोडा उचलला. नरहरी बराच वेळ पाहत बसला. मग त्याने विचारायला सुरुवात केली. कळ सकाळी उठल्यावर असते की काम सुरू झाल्यावर येते? खांद्यात आधी की मानेत आधी? वाढली ती कधीपासून? धाकोजीने आठवून आठवून सांगितले. सकाळी कळ नसते. काम सुरू झाल्यावर थोड्या वेळाने येते. पूर्वी ती खांद्यापुरती होती. मानेत गेली ती या नव्या छपरात काम हलवल्यापासून.

छप्पर मुलाने बांधले होते. ऐरण त्यानेच बसवली होती, स्वतःच्या बेताने. मुलगा उंच होता. धाकोजी ठेंगणा होता. प्रत्येक घावासाठी त्याला कोपर खांद्याच्या वर उचलावे लागत होते, आणि दिवसभर तो तेच करत होता.

सगुणाबाई दारात उभी होती. नरहरी तिच्याकडे वळून म्हणाला, की हे तुम्ही मला सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

ती रागावली नाही. साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंच नाहीत, वैद्यबुवा. मी तेल मागितलं, तुम्ही तेल दिलंत."

 नरहरीने कोपऱ्यातला एक जाड लाकडी ओंडका ओढून आणला, त्यावर पोते घडी करून ठेवले आणि धाकोजीला त्यावर बसून पाहायला सांगितले. आता कोपर खांद्याच्या खाली राहत होते. धाकोजीने दोन घाव घातले, थांबला, आणखी दोन घातले. कळ गेली नव्हती. पण चेहरा पूर्वीसारखा आक्रसला नाही. नरहरीने लहान कुपी त्याच्यापुढे ठेवली, रात्री झोपताना दोनच थेंब चोळायला सांगितले, आणि आठवड्याने पुन्हा पाहायला येईन असे सांगून तो निघाला. पुढे तो खरोखरच दर आठवड्याला जात राहिला. ओंडका एकदा थोडा तासून कमी करावा लागला. मानेतली कळ उतरली. खांद्यातली वर्षानुवर्षांची होती, ती राहिली, पण सोसवेल इतकी. लहान कुपी त्या घराला पुरली, आणि वाचलेले तेल दुसऱ्या दोघांना देता आले.

तांबटआळीत जे घडले ते नरहरीने आचार्यांना सांगितले, त्या पहिल्या भेटीच्या संध्याकाळीच. तो सावकाश सांगत होता, आधी काय पाहिले, मग काय विचारले, मग काय केले. आचार्य खलात काहीतरी कुटत होते. मध्ये एकदाही त्यांनी प्रश्न विचारला नाही. त्याचे सांगून झाले तेव्हा त्यांनी खल बाजूला ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "ओसरीवर एक बाई बसल्या आहेत. आज त्यांना तू बघ."

नरहरीने औषधांच्या फळीकडे पाहिले. तिथून काहीही न घेता तो बाहेर गेला, त्या बाईंच्या समोर बसला, आणि म्हणाला, "सांगा, मावशी. मला घाई नाही."